आरती कुणाची केलीत?

सासवडच्या पालखीतळावर आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. पुणे ते सासवड ही मजल लांब, वाटेत दिवे घाटाची चढण, आणि नेमकी त्याच दिवशी एकादशी. ही २०२५ च्या वारीतली गोष्ट. पुण्यापासून माझा भाचा माझ्याबरोबर चालत होता. सव्वीस वर्षांचा, एका कंपनीत नोकरीला आणि आपल्या भागातल्या मंडळाचा धडाडीचा कार्यकर्ता. अंगात भगवा टी-शर्ट, छातीवर धनुष्य ताणलेला राम. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि हातात वडिलांचे टाळ. घाटात मला धाप लागली तेव्हा माझी पिशवी त्याने न सांगता आपल्या खांद्यावर घेतली होती.

समाजआरती त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहिल्या, शेकडो टाळ एका लयीत घुमत होते. चोपदारांनी हातातला दंड वर केला आणि एका क्षणात सगळं शांत झालं. लाखाच्या जमावाची ती शांतता मी इतकी वर्षं ऐकतोय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. त्या शांततेत लांबवर एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले.

"त्यांना दंड दिसला नाही का?" भाच्यानं विचारलं.

"दिसला. त्यांचं काही गाऱ्हाणं आहे. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतात."

चोपदार गेले, त्यांनी ऐकून घेतलं, टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा झाला, दुसऱ्या दिवशीच्या सूचना झाल्या आणि आरती झाली.

आमच्या दिंडीचा मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात होता. भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन झाली, पायांना तेल लावून झालं, आजूबाजूची माणसं घोरायला लागली. भाचा मात्र भिंतीला टेकून जागाच.

"मामा, एक बोलू? राग मानू नका."

"बोल की."

"आज इतकी माणसं बघितली. ऊर भरून आला. आणि तेवढाच संतापही आला. इतकी माणसं, इतकी शिस्त, आणि करतात काय? नाचतात, फुगड्या घालतात, एकमेकांच्या पाया पडतात. एप्रिलमध्ये पहलगामला धर्म विचारून गोळ्या घातल्या. सव्वीस माणसं मारली. डोंबिवलीची होती, पनवेलची होती, आपल्या पुण्याची होती. पुण्यातल्या अंत्ययात्रेत मी होतो, मामा. त्या घरातल्या बायकांचे चेहरे पाहिलेत मी. त्या रात्रीपासून मला हरिपाठ म्हणवत नाही. आधी जिवंत राहू, मग भक्ती करू."

मी लगेच काही बोललो नाही. त्याचं दुःख खरं होतं. अशा दुःखापुढे घाईघाईने एखादं वचन टाकून मोकळी होणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांच्यासारखं मला व्हायचं नव्हतं.

"मारणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे," मी म्हणालो. "त्यासाठी सैन्य आहे, पोलीस आहेत, न्यायालय आहे. त्यांनी कसलीही दयामाया न दाखवता आपलं काम करावं. इथवर तुझं माझं एकच मत."

"मग वेगळं कुठे होतं?"

"तुमच्या मंडळाने पुढे काय ठरवलंय ते सांग. मग कळेल."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "महाआरती करायची आहे. श्रावणात. चौकातच, जिथे त्यांची दुकानं आहेत. हजारभर पोरं जमतील. कुणाला हात लावायचा नाही, फक्त ताकद दिसली पाहिजे."

"आरतीतून?"

"का? आरती आपलीच आहे ना? रामाच्या हातात धनुष्य आहे, देवीच्या हातात त्रिशूळ आहे, आपल्या खंडोबाच्या हातात तलवार आहे. उद्या जेजुरीलाच तर चाललात तुम्ही."

"परवा. उद्या सासवडलाच मुक्काम आहे," मी म्हणालो. "आणि त्यापुढे आपण ज्याच्याकडे चाललोय, त्याचे हात कुठे आहेत?"

"कमरेवर. माहीत आहे मला. पण मामा, त्या कमरेवर हात ठेवलेल्या देवाला लपवावं लागलं होतं. अफझलखान आला तेव्हा तलवार कुणी उचलली? महाराजांनी. टाळकऱ्यांनी नाही."

हे त्याने नेमकं बोलून दाखवलं, आणि ते खोटं नव्हतं. महाराज नसते तर ही वाट आज कशी असती, कोण सांगणार? पण महाराजांचं नाव घ्यायचं तर पुरतं घ्यायला हवं.

"अफझलखान हातात कट्यार घेऊन आला होता, त्याला महाराजांनी मारलं. मग प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याची कबर होऊ दिली. खाफी खान हा मोगलांचा इतिहासकार. महाराजांबद्दल त्याने वाईटसाईट शब्द वापरलेत. तोच लिहून ठेवतो, की मशिदीला, कुराणाला आणि बाईमाणसाला धक्का लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता, आणि कुराण हाती लागलं तर ते मान राखून आपल्या मुसलमान माणसाच्या स्वाधीन करत. तलवार होती, म्हणून दंडक होता. तुमच्या हजार पोरांसाठी दंडक कोण घालणार?"

तो गप्प राहिला, पण पटल्यासारखा नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "गीता रणांगणावर सांगितली आहे, मामा. भजनात नाही."

"खरं आहे. पण त्याच गीतेत, बाराव्या अध्यायात, भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. पहिलं लक्षण काय? कुठल्याच जीवाचा द्वेष न करणारा. पूजा, व्रत, तीर्थ असलं काही त्याच्या आधी येत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञान कशाला म्हणायचं त्याची यादी आहे, त्यात अहिंसा हा एक शब्द येतो. ज्ञानोबारायांना दोन ओव्या लिहून पुढे जाता आलं असतं. ते त्या एका शब्दापाशी थांबले. ओव्यांमागून ओव्या लिहिल्या. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, कुणाकडे बघतो तरी कसा. बघण्यातही हिंसा असते, हे त्यांना ठाऊक होतं. का ठाऊक होतं सांगू? धर्माच्या नावाने त्यांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं होतं. चार लेकरं मागे ठेवून दोघांनी जीव दिला, अशीच परंपरा सांगते. आळंदीत, आपल्याच लोकांत. त्या पोरक्या पोराने १२९० साली नेवाशाला ग्रंथ पुरा केला आणि शेवटी देवाकडे काय मागितलं? वाईट माणसं मरोत असं नाही मागितलं. त्यांच्यातला वाकडेपणा जावो, एवढंच मागितलं."

"म्हणजे अर्जुनाने लढायचं नव्हतं?"

"लढायचं होतं. समोर हातात शस्त्र घेतलेली माणसं उभी होती, आणि तीही त्याच्याच घरातली. वाटेवरच्या दुकानदारावर रथ घाल असं कृष्णाने सांगितलं नाही. महाभारतात सुडाची गोष्टसुद्धा आहे. पण ती अर्जुनाची नाही, अश्वत्थाम्याची आहे."

ही गोष्ट सांगताना मी नेहमी जरा सावकाश होतो. शाळेत शिकवायचो तेव्हाही व्हायचो. अश्वत्थाम्याचं दुःख खोटं नव्हतं. द्रोणांना कपटाने मारलं. मुलगा मेला असं खोटंच कानावर घातलं, त्यांनी शस्त्र खाली ठेवलं आणि तशा निःशस्त्र म्हाताऱ्याचं मुंडकं उडवलं. कुठल्या मुलाचं रक्त उसळणार नाही? तो रात्री पांडवांच्या छावणीत शिरला, झोपलेल्यांना मारलं, त्यात द्रौपदीची पाचही मुलं गेली. आणि एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. आत शिरण्याआधी छावणीच्या दारात त्याने महादेवाची आराधना केली होती. स्वतःचा देह अर्पण करायला निघाला, देव प्रसन्न झाला, हातात तलवार दिली. म्हणजे त्या कत्तलीच्या आधी भक्ती झालेली आहे, आणि तीही मनापासून. तरी महाभारताने त्याला सोडलं नाही. कपाळावरचा मणी गेला, जखम राहिली. ती जखम घेऊन तो अजून तेल मागत फिरतो, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात.

"आणि द्रौपदी?" मी भाच्याला विचारलं. "भागवतात ती काय करते माहीत आहे? अर्जुन अश्वत्थाम्याला दोरीने बांधून तिच्यापुढे आणून टाकतो. पाच पोरांचा खुनी पायाशी. ती म्हणते, सोडा याला. आज मी रडते आहे तशी याची आई रडायला नको. भागवत म्हणजे आपल्या पंथाच्या नावाचाच ग्रंथ. भागवत धर्म. ज्या बाईचं सगळं गेलं तिच्या तोंडी त्याने हे घातलंय, कुणा बघ्याच्या तोंडी नाही."

"पण मणी कापून घेतलाच ना?" भाचा चटकन म्हणाला. "हाकलून दिलाच ना त्याला? आधी पकडला, मग दया."

"घेतला. आणि घ्यायलाच हवा होता. पण त्याच्या आईच्या, कृपीच्या शेजाऱ्यांची घरं कुणी जाळली नाहीत."

तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "पहलगामच्या सव्वीसांत एक तिथलाच घोडेवाला होता. मुसलमान. पाहुण्यांसाठी मध्ये पडला आणि गोळ्या खाऊन मेला. त्यालाही आई आहे."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. मग एकदम उसळून, "मामा, एक माणूस चांगला निघाला म्हणून काय होतं? तुमचं सगळं ग्रंथातलं आहे. व्हरांड्यात बसून सांगायला ठीक आहे. तुम्ही कधी रस्त्यावर उतरलात का? शाळा आणि वारी, वारी आणि शाळा. रस्त्यावर काय असतं हे तुम्हाला कसं कळणार?"

बत्तीस वर्षं मी ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. बहिणीलाही नाही, म्हणजे त्याच्या आईला. ती तेव्हा गावी होती.

"उतरलो होतो," मी म्हणालो. "तुम्ही श्रावणात जे करणार आहात त्यातच उतरलो होतो. हेच टाळ घेऊन."

आम्ही तेव्हा गिरणगावातल्या चाळीत राहायचो. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते परत कधी कामावर गेले नाहीत, गिरणीच उरली नाही. त्यांच्याकडे उरलं ते भजन. चाळीच्या खालच्या खोलीत एकादशीला रात्रभर जागर व्हायचा, वडील पखवाजावर, मी टाळावर. चाळीसमोर, रस्त्याच्या पलीकडे एका पिंजाऱ्याचं दुकान होतं. आमच्या सगळ्या गाद्या त्याच्या हातच्या. दुपारी त्याच्या कमानीची तात टणत्कारायची आणि वडील खिडकीत बसून मांडीवर बोटांनी ठेका धरायचे. त्याची लय कधी पडत नाही, म्हणायचे. पखवाजाला एकदा उंदराने कुरतडलं, तेव्हा त्या पिंजाऱ्याने जाड निळ्या पट्ट्यांच्या कापडाची खोळ शिवून दिली. आत कापसाचा थर, वर उभे आडवे टाके. देवाचं काम म्हणून पैसे घेतले नाहीत.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत मशीद पडली. मुंबईत डिसेंबरात दंगल झाली, शांत झाल्यासारखी वाटली, आणि जानेवारीत पुन्हा पेटली. मधल्या दिवसांत महाआरत्या सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी रस्त्यातच आरती, वाहनं थांबलेली, हजार दोन हजारांचा जमाव. आमच्या चाळीतही पोरं आली. टाळ-पखवाज घेऊन या म्हणाली. वडील म्हणाले, "देव देवळात आहे. रस्त्यावर कुणाला ओवाळणार?" आणि आत जाऊन बसले. मी गेलो. का गेलो? जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदूंचं घर पेटवून माणसं जिवंत जाळली, ही बातमी आली होती. मी घाबरलो होतो. गर्दीत शिरलं की भीती वाटेनाशी होते, म्हणून गेलो.

आरती सुरू झाली. मी पुढेच होतो. माझ्या टाळांवर लोकांनी ठेका धरला. आयुष्यात एवढ्या मोठ्या आवाजात मी देवाचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि देवाची आठवण एवढी कमी कधीच आली नव्हती. आरती संपली, पण लोक पांगले नाहीत. कुणीतरी ओरडलं, मागून रेटा आला, समोरचं शटर वाकवल्याचा आवाज झाला. पिंजाऱ्याचं दुकान. सुटा पिंजलेला कापूस भक्कन पेटतो. जळते पुंजके रस्त्यावर तरंगत येत होते, हलके, सावकाश. एक माझ्या बाहीवर येऊन बसला. तो झटकायला गेलो तेव्हा कळलं, माझे हात अजून टाळ वाजवत होते.

दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. पिंजारी बायकापोरांना घेऊन दोन दिवस आधीच गावी निघून गेला होता. दुकान रिकामं होतं, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

घरी गेलो तर वडील दारातच बसलेले. बाहीला पडलेलं भोक त्यांनी बघितलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "आरती कुणाची केलीत?"

व्हरांड्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. कोपऱ्यात कुणीतरी झोपेत कूस बदलली.

"पण मामा," भाचा म्हणाला, आणि त्याचा आवाज आता खाली आला होता, "राधाबाई चाळीतल्या माणसांचं काय? आणि मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले त्यांचं? २५७ माणसं गेली तेव्हा. तुम्ही एका दुकानाचं दुःख सांगताय."

"ती माणसंही माझ्या डोळ्यापुढून जात नाहीत. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल मी वाचलाय. डिसेंबर-जानेवारी मिळून ९०० मृत्यू. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीच्यांतल्या बहुतेकांचा धर्मसुद्धा कळला नाही. महाआरतीहून परतणाऱ्या जमावांनी दुकानं फोडली, जाळली, हेही त्यात लिहिलंय. ते वाचताना मला वाटत होतं, या वाक्यात मी आहे. त्यानंतर १२ मार्चला स्फोट. त्या प्रत्येकाकडे दाखवायला एक खरं प्रेत होतं, बाळा. सूड घेणाऱ्यांपैकी कुणीच बिनाकारण निघालेला नसतो. आणि सापडतो कोण? ज्याने मारलं तो कधीच सापडत नाही. त्याच्या नावाचा, त्याच्या जातीचा, शेजारचा कुणीतरी सापडतो. गावात तू लहानपणी ज्या जोत्यावर क्रिकेट खेळायचास ना?"

"देवळामागचं?"

"तो ब्राह्मणवाडा होता. गांधीजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण होता, म्हणून फेब्रुवारी १९४८ मध्ये आपल्या भागात घरं जाळली. आपल्या सातारा जिल्ह्यात, सांगलीकडे, कोल्हापुरात. त्या वाड्यातल्या माणसांनी दिल्लीसुद्धा पाहिली नव्हती. गांधींच्या नावाने जाळली. गांधींच्या! वडील तेव्हा पोरसवदा होते. कपाटं जळताना पोथ्यांची पानं गावभर उडत होती म्हणायचे. जानेवारीत मी घरी आलो तेव्हा त्यांनी माझ्या बाहीकडे तसं का बघितलं, ते मला फार उशिरा कळलं."

भाच्याला हे माहीत नव्हतं. त्या जोत्यावर आजही गुरं बांधतात. कुणी बोलत नाही त्याबद्दल.

"मग भक्ती कशाला करायची?" त्याने विचारलं. वाद घालायचा म्हणून नव्हे, खरंच विचारलं. "जिंकायचं नाही, ताकद दाखवायची नाही. तर कशाला?"

"हेच मी वडिलांना विचारलं होतं. दंगल शमल्यावर त्यांनी महिनाभर पखवाजाला हात लावला नाही. मग एका एकादशीला काढला. तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, माळ घातलीस तेव्हा काय काय सोडलंस? मी म्हणालो, मांसमच्छी सोडली, दारू सोडली, खोटं बोलणं सोडतो म्हणालो. ते म्हणाले, भीती सोडलीस का? तीच राहिली तुझी. बाकीचं सगळं सोडलंस ते कशासाठी? ती सुटावी म्हणूनच तर."

वडील शिकलेले नव्हते. पण मला वाटतं, त्यांनी त्या दिवशी मला सगळा भागवत धर्म सांगितला. माळ, एकादशी, वारीचा नेम, भेटेल त्याला माऊली म्हणून पाया पडणं, यातली एकूण एक गोष्ट आपल्याकडूनच काहीतरी काढून घेते. मीपणा काढून घेते, भीती काढून घेते. दुसऱ्याकडून काही हिसकावण्याची त्यात कुठे सोयच नाही. भीती गेली की माणूस काय करू शकतो, ते साने गुरुजींकडे बघावं. १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडा म्हणून. जीव पणाला लावला, पण स्वतःचा. १० मे रोजी उपोषण सुटलं, देऊळ उघडलं. ज्या चोखोबांना जिवंतपणी पायरीच्या वर जाऊ दिलं नाही, त्यांच्या समाधीपाशी डोकं टेकून त्यांची माणसं आत गेली. एवढी मोठी लढाई पंढरीत झाली आणि त्यासाठी गुरुजींनी एक दगड उचलला नाही. त्यांना भेकड म्हणायची हिंमत कुणाची होईल?

"निर्भय माणूससुद्धा मरतो, मामा," भाचा म्हणाला.

"मरतो."

याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खोटं द्यायचं नव्हतं.

मग मी त्याला एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादाबद्दल सांगितलं. नाथांनी त्यात दोघांना मनसोक्त भांडू दिलंय. तुर्क आपल्या देवांवर काय काय बोलतो, हिंदू त्याला काय सुनावतो, काही झाकलेलं नाही. नाथांनी त्याचं तोंड बंद केलं नाही. सगळं बोलून झाल्यावर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात. चारशे वर्षांहून जुनं आहे हे, आणि पैठणसारख्या गावात, जिथे राज्य तुर्काचं होतं, तिथे लिहिलंय. भाचा ऐकत होता. म्हणाला, "आज लिहिलं असतं तर दोन्हीकडच्यांनी दगड मारले असते." ते खरं वाटलं मला.

"तुकोबांची पालखी देहूहून निघते," मी म्हणालो, "तेव्हा पहिली थांबते ती अनगडशहा फकिराच्या दर्ग्याशी. तिथे अभंग होतो, आरती होते, मग पुढे. तीही रस्त्यातली आरतीच आहे बघ. तीही त्यांच्या दाराशी."

त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून नीट बसला. पण मानलं नाही. "तुमची पिढी एकमेकांच्या दाराशी गेली, मामा. आमच्या वाट्याला फोनवर येणारे व्हिडिओ आलेत. रोज एक नवं प्रेत. त्याचं मी काय करू ते सांगा. कुणी ऐकूनच घेत नाही. मंडळात गेलं तर सगळे एकाच सुरात ओरडतात, तुमच्याकडे आलं तर ओव्या."

मला संध्याकाळचे ते टाळ आठवले, सगळं शांत झाल्यावर वाजत राहिलेले. मी ओव्या बंद केल्या. "सांग," म्हणालो, आणि मग तो तासभर बोलत होता. अंत्ययात्रेत बघितलेलं सगळं. कुणाचा हात कुणाच्या हातात होता, कोण रडत नव्हतं, घरी आल्यावर त्याला जेवण का गेलं नाही. मी मध्ये एकदाही बोललो नाही. शेवटी त्याचा आवाज बसला.

पहाटे काकड्याच्या आधी उठलो तर तो तयार होऊन बसलेला. कंपनीत हजर व्हायचं होतं, पहिली एसटी गाठायची होती. माझे टाळ तो पिशवीत ठेवत होता. वाजू नयेत म्हणून ते मी नेहमी एका जुन्या कापडात गुंडाळतो. निळ्या पट्ट्या आता विटून राखाडी झाल्या आहेत, आतला कापूस ठिकठिकाणी गोळा झालाय, टाके मात्र शाबूत आहेत. काल घाटात हेच ओझं त्याच्या खांद्यावर होतं.

त्याने कापडावरून बोट फिरवलं. "ही ती खोळ?"

"हो. त्या रात्रीच वडिलांनी पखवाजावरून काढून माझ्या हातात दिली होती. त्याला परत नेऊन दे म्हणाले."

"दिली नाहीत."

"तो परत आलाच नाही. आणि मी शोधायला गेलो नाही."

"गाव कुठलं त्याचं?"

मी सांगितलं. त्याने फोन काढून गावाचं नाव त्यात लिहून घेतलं, टाळ पुन्हा नीट गुंडाळले, आणि पायाला हात लावून अंधारातच स्टँडच्या दिशेने निघून गेला.